आवाज आढळला नाही

बिरसीच्या पट्टीवर वारा नावापुरता.
कापून झालेल्या बांध्यांतली मळणीची धूळ
कुंपणापर्यंत येऊन थांबलेली.
त्रेसष्ट माणसं, आणि सामानात कुणाचं तरी
सुतळीनं करकचून बांधलेलं चिन्नोर तांदळाचं खोकं.
मी हँगरच्या दारात, हातात चहाचा कागदी कप.

विमान धावलं.
ऐंशी, असं लिंगदोह म्हणाला असेल,
आणि कॅप्टन खांडेपारकर बाई म्हणाल्या असतील, ठीक.
पुढचं मला त्यांनीच सांगितलं, संध्याकाळी,
शिडीच्या पायरीवर बसून, बुटाची नाडी सैल करत:
"पायाखाली, डावीकडे. खट्. मग लागोपाठ दोनदा.
कुणी दार वाजवावं,
पण घर हेच का, याची त्याला खात्री नसावी, तसं."

दिवा एकही पेटला नव्हता. काटे सगळे जागेवर.
बाई म्हणाल्या, "स्टॉप."

पंखे उलटे गरजले, टिटव्या ओरडत उठल्या,
रबराचा वास माझ्या चहापर्यंत आला.
पुढे पट्टी बरीच शिल्लक होती.

माणसं उतरली. तिरोड्याच्या एक मावशी
जावयाला फोनवर सांगत होत्या, "इमानाले कायतरी चावला म्हनतेत."
पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:
"आमच्या साकोलीच्या गाडीत तं आवाजच आवाज रायते.
कोनी थांबवते का?"
लोक हसले. लिंगदोहही हसला, भाषा न कळता.

मग रात्र माझी.
चाकांच्या खोबणी, दारांच्या कड्या, पोटाखालचे पत्रे,
एकेक स्क्रू, बॅटरी दातांत धरून.
खोकंही सोडलं. तांदळात एक स्टीलचा डबा निघाला.
तो हलवून बाईंना ऐकवला.
डोळे मिटून ऐकला त्यांनी. "हा नव्हे," म्हणाल्या.
बोटांना पहाटेपर्यंत चिन्नोरचा वास.

माझे वडील दुलीचंद मिस्त्री, आमगावच्या राइस मिलमध्ये.
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
तोंड किंचित उघडं, जणू आवाज तिथूनही आत जातो.
एकदा ऐन हंगामात त्यांनी पट्टा उतरवला.
आवाज आहे, म्हणाले.
शेठनं कान लावला, मुनीमनं लावला, हमालांनी लावला.
काही नाही.
तीन दिवसांची रोजी कापली गेली,
आणि मिल त्यानंतर अकरा वर्षं चालली, बिनतक्रार.
ते कधी बोलले नाहीत त्यावर. आम्ही बोलायचो:
"बाबूजी, कुकर बंद करू का? आवाज येते."
काल रात्री विमानाच्या पोटाखाली उताणं पडून
हे आठवलं, तेव्हा
बॅटरी थोडा वेळ बंदच केली.

तीन वाजता कागद भरायला बसलो.
आवाज नव्हता, असं लिहायला तिथं जागाच नाही.
छापलेलं आहे ते एवढंच: आढळला नाही.
त्यापुढे खूण केली. सही. परवाना क्रमांक.
कुणाला आढळला नाही, तेही छापलेलं नाही.

सकाळी साडेआठ. तेच विमान, त्याच बाई.
आज चहा घेतला नाही.
बासष्ट माणसं चढली.
सफारीवाले रात्रीच रेल्वेनं गेले म्हणे, कुणाला न सांगता.
मी मनात ऐंशी म्हटलं, मग पुढचे आकडे,
मग चाकं सुटली, आणि खळबंद्याच्या पाण्यावरून
ते लहान होत गेलं.

टिटव्या परत त्याच जागी येऊन बसल्या.
हँगरमागं पाण्याचा पंप चालू होता.
त्याला पेचकस लावला, मूठ कानाशी.
पंप ठीक होता.
तरी तसाच उभा राहिलो जरा वेळ,
तोंड किंचित उघडं.